बचाव बोटीच्या पंख्याला ग्रीस कोण लावणार?

मा. संपादक महोदय,

पावसाळ्यापूर्वीच्या पूर बचाव सरावाचे वृत्त आपल्या दैनिकात नुकतेच वाचले. त्यात बोटी किती, लाइफ जॅकेट किती, दोर किती याचा तपशील होता; परंतु त्या बोटींच्या मोटरचा पाण्यात फिरणारा पंखा शेवटचा कधी उतरवून पाहिला, याचा उल्लेख नव्हता. तपासणीचा जो एक छापील नमुना माझ्या पाहण्यात आला, त्यातही तो रकाना नाही. आयुष्याचा मोठा काळ किनाऱ्यावर बोटींची इंजिने दुरुस्त करण्यात घालवून आता पवनी तालुक्यातील गावी स्थायिक झालेला मेकॅनिक या नात्याने या एकाच गोष्टीविषयी लिहितो.

बचाव पथके जिला ओबीएम (आउटबोर्ड मोटर) म्हणतात ती बोटीच्या मागच्या फळीला अडकवण्याची मोटर असते. तिचा पंखा एका खाचा पाडलेल्या दांड्यावर सरकवून बसवलेला असतो आणि पुढे वॉशर, नट व स्प्लिटपिन लावून तो अडकवतात. पंखा बहुधा ॲल्युमिनियमचा आणि दांडा पोलादाचा, म्हणजे दोन वेगळ्या धातूंची जोडी सतत ओलाव्यात राहते. मध्ये ग्रीस नसेल तर गंज आणि पांढरी भुकटी धरून दोन्ही असे एकजीव होतात की पुढे हातोडा मारूनही पंखा निघत नाही. खाऱ्या पाण्यात हे लवकर घडते म्हणून कोकणात लोक सावध असतात. आपल्याकडे पाणी गोडे असल्याने ग्रीसची गरज नाही असा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. गोड्या पाण्यात गंज हळू चढतो हे खरे, पण आपली बचाव बोट वर्षातील बहुतेक महिने शेडमध्ये मोटर न फिरवता पडून असते, त्यामुळे गंजाला वेळ भरपूर मिळतो.

याहून मोठे नुकसान तंगुसाने, म्हणजे जाळ्याच्या नायलॉन धाग्याने होते. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन 1988 साली झाले, आज त्याचे पाणी भंडारा शहरापर्यंत मागे पसरलेले आहे, आणि त्या जलाशयात ढिवर बांधवांची नायलॉनची जाळी जागोजागी असतात, ज्यात गैर काही नाही, कारण तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. मात्र तुटलेल्या जाळ्याचा तंगूस पंख्याच्या मागे दांड्याभोवती गुंडाळला जातो, बाहेरून तो अजिबात दिसत नाही, आणि मोटर फिरत असताना तो ऑइल सीलमध्ये, म्हणजे आत पाणी जाऊ न देणाऱ्या रबरी कडीत, घुसून सील कापतो. सील गेले की खालच्या गिअरपेटीत पाणी शिरते. गिअर ऑइल दुधी किंवा चहाच्या रंगाचे निघाले तर हेच घडले असे समजावे. अशी मोटर काठावर चालू करून दाखवली तर ती उत्तम आवाज देते, सरावाच्या दिवशी टाळ्याही पडतात. भार घेऊन प्रवाहाविरुद्ध जाताना मात्र तिचे गिअर कधी निकामी होतील याची शाश्वती नसते. 2020 च्या ऑगस्टअखेरीस गोसीखुर्दचे सर्व 33 दरवाजे उघडावे लागले होते. तसल्या पाण्यात मधोमध मोटर बंद पडण्याचा अर्थ वैनगंगेकाठच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

काम मुळीच अवघड नाही. आधी मोटर न्यूट्रलमध्ये ठेवून प्लगच्या वायरी काढाव्यात, म्हणजे पंखा हाताने फिरवताना इंजिन सुरू होण्याची भीती राहत नाही. पंख्याची पाती व वरची आडवी पट्टी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून नट सोडवावा, वॉशर कोणत्या बाजूने बसले होते ते पाहून ठेवावे, तंगूस असेल तर तो पूर्ण उकलून काढावा. दांड्याच्या खाचांतील जुने ग्रीस फडक्याने पुसून काढल्यावर पाण्यात धुपून न जाणारे मरीन ग्रीस सर्व बाजूंनी पातळ लावावे. जुन्या, वाळूमिश्रित ग्रीसवरच नवे थापणे हे न लावण्यापेक्षा वाईट. स्प्लिटपिन दर वेळी नवीन घालावी. गिअर ऑइल भरताना ते खालच्या छिद्रातून वर चढवावे आणि वरच्या छिद्रातून बाहेर येऊ लागले की थांबावे, नाहीतर पेटीत हवा कोंडून तेल कमी राहते. सुकाणूच्या सांध्याला निपल असतात, तिथे ट्रॅक्टरवाल्याची ग्रीस गन चालते. रोटाव्हेटरला ग्रीस न देता शेतात नेणारा शेतकरी आमच्या गावात सापडणार नाही, त्याच गावात बोटीच्या बाबतीत हे कोणाच्या मनातही येत नाही.

समुद्रावरील काही शिडाच्या बोटींना एक विशेष प्रकारचा पंखा असतो. शीड उभारून इंजिन बंद केले की त्याची पाती आपोआप वळून पाण्याच्या धारेला समांतर होतात, जेणेकरून बोटीला ओढ लागू नये. ती पाती फिरवणारे बारीक गिअर पंख्याच्या पोटातच असतात. म्हणून बोट पाण्याबाहेर काढली की मालक प्रथम त्यात नवे ग्रीस भरतो, कारण पाती अर्ध्यावर अडकली तर बंदरात शिरताना बोट मागे घेता येत नाही. हौसेखातर बाळगलेल्या बोटीची ही निगा राखली जाते, आणि आपल्याकडील बोट तर माणसे वाचवण्यासाठी घेतलेली आहे.

माझी सूचना मर्यादित आहे. सराव तपासणीच्या नमुन्यात पंखा उतरवल्याची तारीख, गिअर ऑइलचा रंग आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार नीट पडते की नाही, हे रकाने घालावेत. इकॉर्नियाने (जलपर्णीने) भरलेल्या पाण्यात ही धार पाने अडकून बंद पडते आणि इंजिन तापते, म्हणून तिसरा रकाना. हे काम मत्स्य सहकारी संस्थांतील मोटर हाताळणाऱ्या तरुणांना रीतसर मोबदला देऊन सोपवावे. नदी त्यांना ठाऊक आहे, पाना त्यांच्या हाती आहे, आणि मोटरबरोबर ग्रीसची एक नळी व काही स्प्लिटपिना देण्याचा खर्च मोटरच्या किमतीपुढे नगण्य आहे. जिल्हा प्रशासनाने येत्या पावसाळ्यापूर्वी याचा विचार करावा, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला,
एक निवृत्त इंजिन मेकॅनिक,
ता. पवनी, जि. भंडारा