एकांकिकांतले हसू कोणावर?

महोदय,
एकांकिकांमधील सामाजिक उपहासाचे कौतुक करणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला, पण त्यातला सूर सरसकट पटला नाही. महात्मा फुले यांच्या १८५५ सालच्या ‘तृतीय रत्न’ नाटकात उपहासाचा रोख कुणबी जोडप्याला नाडणाऱ्या जोशाकडे होता. अलीकडे येथील एका स्पर्धेत पाहिलेल्या एकांकिकेत मात्र फ्लॅटच्या मालकीणबाई शुद्ध बोलत होत्या आणि मोलकरणीने ‘काय करायलाईस?’ म्हणताच हशा पिकत होता, जणू बोली हाच विनोद. (हसणाऱ्यांपैकी निम्मे तरी घरी असेच बोलत असावेत.) तिचा खाड्याचा पगार कापल्याचा प्रसंग दोन वाक्यांत उरकला, खरे तर उपहासाची जागा तीच होती. संहितेला गुण देताना परीक्षकांनी हेही तपासावे.

– एक नाट्यरसिक, कोल्हापूर