ज्याला एकही विनोद नव्हता, त्याच्यातर्फे

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं असतं तर पार्किंगच्या भांडणात वाहून गेलं असतं. समोर येऊन आभार मानावेत तर तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय.

गणपतीतल्या प्रहसनात मला नवऱ्याचं काम आलं. ऐकू न येणारा सासरा, फुकट जेवणारा मेहुणा, सतत काहीतरी उसनं मागणारी शेजारीण, आणि या सगळ्यांच्या मध्ये उभा असलेला नवरा. संहितेत त्याच्या वाट्याला "काय?", "कधी?", "अहो पण" एवढंच. ऑफिसमधून, म्हणजे ऐरोलीहून, धावतपळत ठाण्याच्या नौपाड्यात तालमीला पोहोचायचं ते यासाठी? मी काम सोडायच्या बेतात होतो. तुम्ही तळ्याला फेरी मारून परतताना सहज तालमीत डोकावलात आणि मला बाजूला घेऊन विचारलंत, "'श्रीमान श्रीमती' मालिकेत तुला कोण आवडतं?"

मी लगेच दिलरुबा म्हटलं. राकेश बेदी आवडत नाही असा माणूस माझ्या पिढीत मिळणं कठीण. तुम्ही म्हणालात, "आणि कोकी काढून टाकली तर?"

काका, त्या प्रश्नानंतर मी मालिका वेगळ्याच बघायला लागलो. कोकीचा नवरा केशव शेजारणीवर लट्टू, शेजारणीचा नवरा दिलरुबा कोकीवर लट्टू, आणि कोकी आपली सरळ मनाने संसार करतेय. केशव झालेल्या जतीन कनाकियांची ती धांदल, ते उडालेले चेहरे ज्या भिंतीवर आपटून परत येतात ती भिंत म्हणजे कोकी झालेल्या रीमा लागू. त्यांनी एकदा जरी प्रेक्षकांकडे बघून "मला कळतंय हं" असा चेहरा केला असता तर सगळा डोलारा कोसळला असता.

मग तुम्ही पेनड्राइव्ह दिलात आणि अभ्यास लावलात. 'हम पांच' मी शाळेत असताना पाहिली होती, ती पोरींच्या दंग्यासाठी. या वेळी फक्त अशोक सराफांकडे बघायचं असं तुम्ही बजावलंत. ज्या माणसाने सिनेमात नुसत्या एका "ऑ"वर थिएटर डोक्यावर घेतलं, तो इथे पाच मुली, दुसरी बायको आणि भिंतीवरच्या फोटोतून बोलणारी पहिली बायको यांच्या तावडीत सापडलेला बाप. प्रिया तेंडुलकर फ्रेममधून टोमणा मारणार, आणि हशा पिकणार तो सराफांच्या मान वळवण्यावर! एवढा मोठा विनोदी नट दुसऱ्याचं वाक्य फुलवायला स्वतः मागे राहतो, हे मला तुम्ही दाखवलंत.

माझा सगळ्यात लाडका मात्र 'साराभाई व्हर्सेस साराभाई'मधला साहिल. 2004 मध्ये मालिका आली तेव्हा आम्ही पोरं रोसेशच्या कविता पाठ करून नाक्यावर म्हणायचो. माया, इंद्रवदन, मोनिषा, रोसेश हे चौघे चार टोकांचे. सुमीत राघवनचा साहिल तेवढा मधला, शहाणा. आई टोचून बोलते, बायको तिचं ऐकून घेत नाही, बाबा आगीत तेल ओततात आणि हा प्रत्येकाचं समजून घेतो. प्रेक्षक त्या घरात जातो तो याच्या बाजूने. साहिलही वेडा असता तर ते घर आपल्याला आठवड्याभरात नकोसं झालं असतं. तुम्ही म्हणता मायाच सगळं खाऊन जाते. जाते, मान्य! पण खायला वाढतं कोण, ते बघा की.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेतल्या टिपऱ्यांच्या घराबद्दल मात्र आपलं एकमत. तिथे हे झेलण्याचं काम कुणा एकाकडे नाही. आज आबा हट्टाला पेटले तर शेखर आणि श्यामला सांभाळून घेणार, उद्या शेखरने घोळ घातला की आबा गप्प बसून मजा बघणार. शिऱ्या आणि शलाकाही त्याच रांगेत. आबा झालेले दिलीप प्रभावळकर तेव्हा साठीचेही नव्हते, पण ते म्हातारे वाटले ते पाठीच्या बाकामुळे नाही. दुसरा बोलत असताना आबा ज्या तऱ्हेने ऐकतात, त्यात ते म्हातारपण आहे. तुम्ही तर त्यांना बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊसमोर चिमणराव म्हणून पाहिलेलं, त्यामुळे या मुद्द्यावर मी तुमच्यापुढे तोंड उघडत नाही.

टीव्हीवरच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'वर मात्र उघडतो. तुम्ही तिला "नुसता कल्ला" म्हणता. सगळं स्किट कल्ला नसतं, काका. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार समोरासमोर असायचे तेव्हा एक चेंडू टाकायचा, दुसरा थांबून बघायचा, मग टोलवायचा. तुमच्याच नियमात बसायचं ते. मधेमधे परीक्षकांचे हसरे चेहरे दाखवतात, त्याचा मात्र मलाही राग येतो. कुठे हसायचं ते आम्हाला कळतं.

आणि मुख्य आभार त्या हशाच्या हिशेबाचे. "हशा चढत असताना बोललास तर वाक्य गेलं. पूर्ण विरल्यावर बोललास तर प्रसंग गेला. उतरायला लागला की घे." हौशी नाटकांना पडद्यामागे उभं राहून तुम्ही हे कमावलेलं, आणि आम्हा नवख्यांना फुकटात वाटलंत. तालमीत हसायला कोणी नसतं, म्हणून तुम्ही स्वतः खुर्चीत बसून खोटं खोटं हसायचात, दर वेळी कमीजास्त, मला अंदाज यावा म्हणून. मेहुण्याचं काम करणारा पोरगा वैतागायचा, "काका, हे वाक्य एवढं विनोदी नाहीये." तुम्ही आणखी जोरात हसायचात.

प्रयोगाच्या दिवशी पत्र्यावर पाऊस कोसळत होता. हशा कुठला आणि पाऊस कुठला, पत्ता लागेना. मी कान सोडून पहिल्या रांगेतल्या आज्यांच्या खांद्यांवर नजर ठेवली. खांदे हलायचे थांबायला लागले की बोलायचं. सासऱ्याला तीन ठिकाणी टाळ्या पडल्या. त्या प्रत्येक टाळीआधी माझं "अहो पण" होतं, हे सभागृहात फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक होतं. आता सगळ्यांना सांगून टाकलं.

काकूंनाही नमस्कार सांगा; रोज रात्री आम्हा सहा जणांचा चहा त्यांनीच केला. पेनड्राइव्ह वॉचमनकडे ठेवलाय. त्यात 'ये जो है जिंदगी'चे भाग उघडत नाहीत, तेवढे परत भरून द्या. सतीश शाह दर भागात नवं सोंग घेऊन यायचे, ते बघायचंय, पण आधी ती सोंगं झेलणाऱ्या शफी इनामदारांकडे बघीन. आणि पुढच्या वर्षी सासऱ्याचं काम मला मिळावं यासाठी कमिटीत जरा शब्द टाका.

आपला,
ए विंगमधला नवरा