खोटे पुशअप कागदावर सुरू होतात: क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

मा. क्रीडामंत्री साहेब,

सप्रेम नमस्कार. मी साताऱ्यात पोरापोरींचं कंडिशनिंग घेतो, म्हणजे रनिंग, शटल, बर्पी, प्लँक अशी सगळी घामाची कामं. निधी मागायला लिहीत नाहीये, ते मागणारे भरपूर आहेत. बोलायचंय ते बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या कामचोरीबद्दल, आणि त्यात आपला मोठ्यांचा हात किती आहे त्याबद्दल.

20 मीटरचं शटल, म्हणजे दोन लाईनमधलं ये-जा पळणं, लावा आणि नुसते पाय बघा. निम्मी पोरं लाईनच्या वीतभर आधीच वळतात, म्हणजे 20 फेऱ्यांत आठ-साडेआठ मीटर गायब. बर्पीत (छाती टेकवून उठायचं आणि उडी मारायची) छाती जमिनीला लागतच नाही आणि मोजताना सतरा, अठरा, वीस. माझ्याकडे एक पोरगी आहे, ती दरवेळी खाली वाकून लाईनला हात लावते, बोटं लाल मातीनं माखलेली असतात आणि नंबर येतो शेवटचा. आता कोच ओरडला की "पहिले पाच घरी, बाकीचे अजून दोन राउंड" तर त्या पोरीनं काय शिकायचं सांगा? आपणच राउंडची शिक्षा करून ठेवलीय, मग शिक्षा कोण पूर्ण भोगेल, चुकवणारच की.

आम्ही एवढंच केलं, की पहिला कोण ते विचारणं बंद. जोडीदार मोजतो, आणि एखादा स्वतःहून म्हणाला "सर, माझे दोन राहिले" तर सगळ्यांसमोर शाब्बासकी त्याला. शेवटी प्रत्येकानं सांगायचं, आज दहापैकी किती जोर लागला. सुरुवातीला सगळे दहाच सांगायचे (सरांना बरं वाटावं म्हणून), हळूहळू "सर आज पाचच, झोप नाही झाली" असं यायला लागलं, आणि मुख्य म्हणजे दुखणं बाहेर आलं. या वयात उंची झपाट्यानं वाढते, गुडघ्याखाली जिथं हाडाला टेंगूळ येतं तिथं दुखतं, नडगी दुखते, आणि टीममधून काढतील म्हणून पोरं दाबून ठेवतात. तेव्हा "नाही जमत आज" म्हणणाऱ्यालाही मी प्रामाणिकच धरतो.

आता तुमच्या खात्याकडे येतो. शाळांमध्ये खेलो इंडियाची फिटनेस चाचणी असते, 600 मीटर रन, 50 मीटर डॅश, पुशअप, सिट अँड रीच (बसून पुढं वाकायचं) वगैरे. चाचणी चांगलीय, वादच नाही. पण वरून "100 टक्के एंट्री आजच करा" असा मेसेज आला की काय होतं ते मी एका शाळेत बघितलंय, पोरं वर्गात भूगोल शिकतायत आणि स्टाफरूममध्ये त्यांचे पुशअप भरले जातायत. पोरांना हे कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? ज्याच्या नावावर न मारलेले पुशअप चढले तो उद्या माझ्यासमोर छाती टेकवेल कशाला.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओत 3000 मीटर स्टीपलचेसची फायनल पळाली, दहावी आली. त्या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरची उडी असते, आणि तिथं तुमच्या वतीनं एंट्री करायला कोणी नसतं.

म्हणून मागणं साधं आहे. 100 टक्क्यांचं टार्गेट काढा, झाली तेवढीच एंट्री चालेल म्हणा आणि "आज घेतली नाही" असा रकाना ठेवा, तो भरला म्हणून शिक्षकाला नोटीस नको. आकडा पोरासमोर लिहा, आणि त्याच्या शेजारी त्याचाच मागच्या वेळचा आकडा दिसू द्या, वर्गातल्या टॉपरचा नको. शाळेला चुन्याची फक्की, मोजायचा टेप आणि एक स्टॉपवॉच द्या, बास.

आणि हात जोडून एक, या चाचणीला मार्क लावू नका. दहावी-बारावीचे ग्रेस मार्क, नोकरीतलं 5 टक्के आरक्षण हे खेळाडूंना मिळायलाच पाहिजे, पण त्यापायी बोगस सर्टिफिकेटं किती निघाली ते तुमच्याच खात्याला माहितीय. पुशअपला मार्क लागले की त्याचेही एजंट तयार होतील, साताऱ्यात तरी त्याला एक महिना पुरे.

कळावे,
साताऱ्यातला एक ग्राउंडवरचा कोच