वहीचं शेवटचं पान

आदरणीय गुरुजी आणि काकू,
सा. न. वि. वि.

तुमच्या घरात मोबाइल एकच आणि तोही दिवसभर पुतण्याकडे असतो, असं काकू म्हणाल्या होत्या. तेव्हा हे पत्र तोच तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवेल असं धरून लिहिते आहे. चारचौघांत लिहिण्याचं कारण एवढंच, की आमच्या बाजूनं बेळगाव भागात फिरायला निघालेल्या आणखी कुणाला तुम्ही लिहून दिलेल्या कन्नड शब्दांच्या त्या पानाचा उपयोग झाला तर तुम्हाला बरं वाटेल.

कोगनोळीचा टोलनाका मागे टाकला आणि निपाणीच्या अलीकडे माझ्या स्कूटरचं मागचं चाक बसलं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, आभाळ भरून आलेलं, दिवस मावळायला टेकलेला. साताऱ्याहून सहा दिवसांची रजा टाकून एकटी निघाले होते आणि पहिल्याच संध्याकाळी गाडी ढकलत तुमच्या दारावरून चालले होते. तुम्ही ओट्यावर बसला होता. ‘काय झालं गं पोरी?’ एवढंच विचारलंत. कुठली, कुणाची, एकटीच का, यातलं काही नाही. शेजारच्या मुलाला हाक मारलीत, तो चाक खोलून घेऊन गेला आणि काकूंनी मला आत नेलं. चाक तासाभरात आलं, पण तोवर पाऊस सुरू झाला होता. ‘रात्रीचं कुठं जातीस, रहा की,’ म्हणत काकूंनी पिठलं टाकलंसुद्धा. त्या पिठल्याला निपाणीच्या हवेतल्या तंबाखूच्या उग्र वासाची साथ होती. माझ्या डोक्यात ते दोन्ही आता एकत्रच राहतील.

जेवण झाल्यावर तुम्ही १९५६ सालचं बोललात. तुम्ही तेव्हा दुसरीत. ३१ ऑक्टोबरच्या रात्री मुंबई राज्यात झोपलात आणि १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्यात उठलात. बेळगाव जिल्ह्यातलाच चंदगड तालुका तिकडे राहिला, तुम्ही इकडे आलात. दर १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून फेरीत चालल्याचं सांगितलंत, तेव्हा आवाज बदलला होता तुमचा. मला संकोच वाटला, गुरुजी. आमच्या साताऱ्यात सीमाप्रश्न म्हणजे पेपरातली बातमी. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून चालू आहे, एवढंच आम्हाला ठाऊक. त्या दाव्याच्या तारखांमध्ये कुणाची शाळा, कुणाचा सातबारा, कुणाच्या मुलाची नोकरी अडकलेली असते हे मी तुमच्या ओट्यावर पहिल्यांदा ऐकलं.

आणि तेच तुम्ही, सकाळी मी निघताना, दुरेघी वहीचं शेवटचं पान फाडून माझ्या हातात ठेवलंत. डावीकडे गावांची नावं देवनागरीत, उजवीकडे तीच कन्नड अक्षरांत. खाली सहा वाक्यं. ‘तिकडं मराठी पुष्कळांना समजतं. पण आधी त्यांचं बोल, मग आपलं,’ म्हणालात. चाळीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेल्या माणसानं हे सांगावं, याचा विचार मी पुढचे पाच दिवस करत होते.

मग तुम्ही मला ‘ग’ शिकवलात. घोड्याचा नाल उपडा ठेवावा तसा, पाय खाली सोडलेला. वर छोटी टोपी असते, तिला तलकट्टु म्हणायचं. ‘काना-मात्रा आली की टोपी बदलते, नाल तोच राहतो. तेवढा धर,’ म्हणालात. गोकाकात नाल, बेळगावीत नाल. तुम्ही काडीनं ओट्यावरच्या धुळीत तो तीनदा काढून दाखवलात आणि मलाही काढायला लावलात.

संकेश्वरला मिरचीच्या पोत्यांजवळून गेले तेव्हा शिंका आवरेनात, पण अर्धा किलो घेतलीच. आईनं ती बघितल्यावर ‘या रंगाची इथं मिळत नाही’ म्हणून दुसऱ्याच दिवशी तिखट करून टाकलं.

गोकाकचा धबधबा भरून वाहत होता. घटप्रभा तिथे ५२ मीटर खाली पडते. पाणी तांबूस, मातीच्या रंगाचं. झुलत्या पुलाजवळ उभी राहिले आणि तुषारांनी पाच मिनिटांत चिंब झाले. बाजूला जुनी कापडगिरणी आहे, १८८५ची. मी धबधब्यापेक्षा जास्त वेळ गावातल्या करदंटाच्या दुकानासमोर काढला हे कबूल करते. तळलेला डिंक, गूळ, खोबरं, काजू-बदाम. दुकानदार मालकांना विचारलं तर म्हणाले, ‘करिद’ म्हणजे तळलेला, ‘अंटु’ म्हणजे डिंक. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात त्याचंच हे थोरलं भावंड, फक्त चिवट आणि दातांना काम देणारं.

पण काकू, मला सांगायचं आहे ते तिथल्या खानावळीबद्दल. हा शब्द तिकडेही हाच आहे, पाटीवर कुणीतरी वाचून दाखवला तेव्हा केवढा आनंद झाला! दारात उभी राहून मी पानावरचं पहिलं वाक्य म्हटलं, ‘ऊट सिगतैतेन्री?’ जेवण मिळेल का? चुलीपुढच्या बाईंनी मान वर केली, हसल्या आणि माझा ‘ट’ सुधारून दिला. मी परत म्हटलं. त्यांनी पुन्हा सुधारला. तिसऱ्या वेळी बरोबर आला तेव्हा पाट सरकवला.

त्यांचे हात अजून डोळ्यांसमोर आहेत. ज्वारीच्या पिठाचा गोळा परातीत ठेवून उजव्या तळव्यानं थापत होत्या आणि भाकरी स्वतःशीच गोल फिरत होती. आवाज एका लयीत, जात्यावर बसल्यासारखा. कडा तळहाताइतक्याच पातळ. तव्यावर टाकली, वरून ओल्या फडक्यानं पाणी फिरवलं, उलटली आणि सरळ निखाऱ्याशी उभी केली. फुगून टम्म. मग ताटात भरलं वांगं, त्याला ते येण्णेगाई म्हणतात. वांग्यात शेंगदाणे, तीळ आणि कारळाचं वाटण, वर तेलाचा तवंग. बाजूला मटकी, दही, शेंगाची चटणी, कारळाची चटणी, कच्ची मेथी आणि फोडलेला कांदा. कारळाची चटणी माझी आजी करायची. ती गेल्यापासून आमच्या घरात कुणी केली नव्हती. पहिल्या घासाला गळा भरून आला.

तिसरी भाकरी आली तेव्हा मी ‘साक्री’ म्हटलं, पुरे. त्यांनी ऐकलं नाही. माझं ताट रिकामं होईपर्यंत त्या समोर उकिडव्या बसून होत्या. मी ‘भाळ चलो ऐत्री’ म्हटल्यावर त्यांनी आत कुणाला तरी हाक मारून ते परत म्हणायला लावलं. निघताना पानावरचं शेवटचं वाक्य म्हटलं, ‘होगि बर्तेन्री.’ गुरुजी, तुम्ही त्यासमोर ‘जाऊन येते’ असं लिहिलं होतं. मला वाटलं होतं, तुम्ही सोयीसाठी मराठी वळण दिलंत. पण त्यांच्यातही ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘जाऊन येते’च म्हणतात. त्या बाई दारापर्यंत आल्या.

आता त्या दुपारचं. धबधब्याच्या पाण्यात फोन भिजला होता, हे मला गोकाक सोडल्यावर कळलं. पडदा काळा, नकाशा गेला. यल्लम्माच्या सौंदत्तीला जायचं होतं. दोन्ही बाजूंनी ऊस, मधे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आणि एका ठिकाणी रस्ता फुटलेला. माणूस नाही. पोटात गोळा आला. फाट्याच्या कडेला मैलाचा दगड होता, अर्धा गवतात. उतरून गवत बाजूला केलं. चार अक्षरांतलं एकही वाचता येईना, आणि मग तिसऱ्या जागी तो दिसला. नाल. वर टोपी. पान काढून ओळीनं ताडून बघितलं. यरगट्टी. सौंदत्तीच्या वाटेवरचं गाव म्हणून तुम्हीच लिहिलेलं. दगडावर हात ठेवून मी दोन मिनिटं तशीच बसून राहिले. अक्षर ओळखता येणं म्हणजे काय, हे पहिलीत शिकताना कळलेलं नसतं. ते मला चौतिसाव्या वर्षी, उसाच्या कडेला, तुमच्यामुळे कळलं.

यल्लम्माच्या डोंगरावर मात्र पान खिशातच राहिलं. तिथे निम्म्या बाया कोल्हापूर-सांगलीकडच्या, ‘उदं गं आई उदं’च्या गजरात कानडी-मराठी वेगळं काढताच येत नव्हतं. नवलतीर्थाच्या धरणाचं पाणी दुरून बघितलं. कित्तूरचा पडका किल्ला धावत बघितला, १८२४ साली राणी चेन्नम्मांनी कंपनीच्या फौजेला जिथे हरवलं तो. तिथे आणखी अर्धा दिवस द्यायला हवा होता, ही चुटपुट आहे. बेळगावात किल्ल्यातली कमलबस्ती बघितली, १२०४ सालचं जैन मंदिर. छतातल्या दगडी कमळाखाली मान दुखेपर्यंत उभी होते. कुंदा घेतला, तांबूस, दाणेदार, दूध आटवता आटवता साखर करपल्याची किंचित कडवट चव असलेला. मांडे घ्यायचे राहिले. गणपत गल्लीत सगळे माझ्याशी मराठीत बोलायला लागले, तरी पहिलं वाक्य मी कन्नडच म्हणत होते. एका फुलवाल्या आजींनी विचारलं, ‘कुणी शिकवलं गं?’ मी म्हटलं, ‘निपाणीच्या गुरुजींनी.’

परतताना तुमच्याकडे थांबायचं ठरवलं होतं. पण बेळगावात दुरुस्त झालेल्या फोनवर आईच्या तब्येतीचा निरोप आला आणि मी हमरस्त्यानं सरळ घरी गेले. निपाणीचा फाटा मागे पडला तेव्हा फार वाईट वाटलं. आता आई बरी आहे. चाक दुरुस्तीचे पैसे मुलानं घेतले नाहीत, तुम्ही घेऊ दिले नाहीत, रात्रभर अंगावर काकूंची गोधडी होती, आणि मी साधं भेटून आभारसुद्धा मानले नाहीत. म्हणून हे पत्र.

निघताना तुम्ही म्हणाला होता, ‘नवीन शब्द मिळाले तर मागं लिही, आणि पान परत आण.’ मागे अठरा शब्द झाले आहेत. उळ्ळागड्डी म्हणजे कांदा. बेल्ल म्हणजे गूळ. मोसरु म्हणजे दही. तुप्प म्हणजे तूप, हे लिहिताना मला हसू आलं होतं. अक्षर वाकडं आहे, तुम्ही लाल शाईनं दुरुस्त कराल याची खात्री आहे. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी येते आहे. पान, कंदी पेढे आणि संकेश्वरी तिखटाची एक बरणी घेऊन. काकू, पिठलंच करा.

आपली,
साताऱ्याची लेक