दाखला नाही, म्हणून दुखणेही नाही काय?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

मी ज्वारीच्या पट्ट्यातील एका प्राथमिक शाळेत सतरा वर्षे शिकवत आहे. गहू पोटात गेला की मला त्रास होतो, म्हणून गेल्या महिन्यातील पाच दिवसांच्या निवासी प्रशिक्षणात पोळीऐवजी भाकरी किंवा नुसता भात मिळावा, असा अर्ज मी आठ दिवस आधी दिला होता. ‘वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलेले नाही’ असा शेरा मारून तो परत आला. मग घरून नेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांवर मी दिवस काढले. तिसऱ्या दिवशी, वरणात काय असणार, असे वाटून भातावर दोन वाट्या वरण घेतले आणि रात्री अकरापासून पहाटेपर्यंत सात वेळा उठले. सकाळी डोके इतके जड झाले होते की फळ्यावरची अक्षरे एकमेकांना जुळेनात, आणि तेवढ्यात भर वर्गात एकाने सांगितले, ‘मॅडमचे डाएट चालू आहे, त्यांना आग्रह करू नका.’ चाळीस शिक्षक हसले.

वरणाच्या फोडणीत हिंग होता. हिंगात गहू कुठून आला, असे आपणही विचाराल. आपण वापरतो तो बांधणीचा हिंग असतो. शुद्ध हिंगाचा उग्र चीक पिठात आणि डिंकात मळून तो तयार करतात आणि ते पीठ अनेकदा गव्हाचेच असते. डबीवर तसे बारीक अक्षरांत छापलेलेही असते, पण आचाऱ्याच्या मिसळणाच्या डब्यात गेलेल्या हिंगावर काहीच छापलेले नसते. गव्हातले जे प्रथिन बाधते त्याला ग्लूटेन म्हणतात आणि आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ‘ग्लूटेनमुक्त’ या शब्दासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. ज्या गोष्टीचे माप सरकारच मिलिग्रॅममध्ये मोजते, तिच्याबाबत ‘पोळी बाजूला ठेवा आणि बाकीचे जेवा’ असे सरकारी प्रशिक्षणात मला कसे सांगितले जाते?

मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाल्याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे, पण आमच्या गावात गिरणी एकच आहे आणि ज्वारी दळली जाते ती गव्हाच्या पाठोपाठ. उपवासाचे दळण आले की गिरणीवाले दगड झाडून घेतात आणि पहिले ओंजळभर पीठ बाजूला काढतात; मी तेच मागितले तर ‘बाई, आज कसला उपवास?’ असे विचारतात. म्हणून मी ज्वारीचा डबा एकादशीच्या आदल्या दिवशी, उपवासाच्या दळणापाठोपाठ नेते. लहानपणी मी आजारी पडले की आई मऊ भातावर मेतकूट घालून द्यायची. त्या मेतकुटात गहू भाजून घातलेला असतो, हे मला चाळिशीत कळले. ते कळले त्या दिवशी मी खूप रडले, कारण तिने मायेने भरवलेला घास आठवला आणि त्यानंतरच्या दुखण्याच्या रात्रीही आठवल्या.

आता दाखल्याविषयी. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाल्याचे आपल्या शासनाने जाहीर केले. त्या भरवशावर मी एका सरकारी रुग्णालयात गेले. ग्लूटेनमुळे आतड्याचे अस्तर बिघडते त्या सिलिॲक आजारासाठी पहिली रक्तचाचणी करतात ती टीटीजी-आयजीए. ‘ती इथे होत नाही, बाहेरून करून आणा,’ असे मला सांगण्यात आले, आणि वर हेही, की गहू सोडून दोन वर्षे झाली असतील तर ती करून उपयोग नाही. हे दुसरे म्हणणे खरे आहे. गहू बंद केला की ही चाचणी रक्तातली जी प्रतिपिंडे शोधते ती हळूहळू ओसरतात, आतड्याचे अस्तर भरून येऊ लागते आणि दुर्बिणीतून घेतलेला तुकडाही निरोगी दिसू शकतो. निदान हवे असेल तर सहा-आठ आठवडे रोज गहू खाऊन, आतडे पुन्हा दुखावून मग तपासणीला यायचे. गहू न खाताही करता येणारी जनुकीय चाचणी आहे. ती फार तर हा आजार नाही एवढे सांगू शकते, आहे असे सांगू शकत नाही.

मला सिलिॲकच आहे, असा माझा दावा नाही. सिलिॲक नसतानाही ग्लूटेन न सोसणारी माणसे असतात आणि त्यांच्यासाठी तर कोणतीच खात्रीची रक्तचाचणी नाही. परंतु मला हे कळायला हवे, कारण सिलिॲक असेल तर सख्ख्या नात्यांतही त्याचा धोका वाढतो आणि माझी मुलगी अकरा वर्षांची आहे.

गहू मी हौसेने सोडला नाही. नऊ वर्षे मी लोहाच्या गोळ्या गिळल्या आणि हिमोग्लोबिन आठच्या वर गेले नाही. ‘बाई, पालेभाज्या खा’ हे मी किती जणांकडून ऐकले असेल! ज्या आतड्यात लोह शोषले जाते, त्याचे अस्तरच बिघडले असेल तर गोळी काय करणार, हा प्रश्न नऊ वर्षांत एकाही तपासणीत कोणी विचारला नाही. शेवटी एका परिचित डॉक्टरांनी ‘गहू सोडून पाहा’ असे सांगितले आणि सहा महिन्यांत हिमोग्लोबिन अकरावर गेले. त्यांनी आधी रक्त तपासायला हवे होते. तेवढे केले असते तर आज हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये या देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी होत्या. त्यांच्यापैकी माझ्यासारख्या किती असतील? गोळ्यांचा हिशेब दर महिन्याला वर जातो, त्या गोळ्या अंगी लागल्या का, याचा हिशेब कोण मागतो?

गहू आणि सिलिॲक आजार यांचा संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी १९५० मध्ये मांडला, आणि पाऊणशे वर्षांनंतर माझ्याकडे प्रमाणपत्र मागितले जाते, पण ते मिळण्याची वाट सरकारच्याच दारात बंद आहे. दाखल्याशिवाय माणसावर विश्वास ठेवायचा नाही, हा रोग आपल्या सगळ्या कारभाराला जडला आहे. माझी शहात्तर वर्षांची आई दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभी राहते. जिवंत माणूस समोर उभा असतो आणि पुरावा कागदाचा लागतो. मी स्वतः मुलांना बोनाफाईड लिहून देते, त्यामुळे दाखल्याचे मोल मी जाणते. पण ज्या पोराचा दाखला हरवला, ते पोर वर्गात नाहीच, असे मी कधी म्हटलेले नाही.

माझे मागणे मोठे नाही. टीटीजी चाचणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सुरू करा. लोहाच्या गोळ्यांनी ज्यांचे रक्त वाढत नाही, त्यांची ती आधी करा, आणि चाचणीपूर्वी कोणाचा गहू बंद करू नका, असे लेखी आदेश खालपर्यंत पाठवा. शासकीय प्रशिक्षणात आणि वसतिगृहात साधा भात किंवा भाकरी मागणाऱ्याकडे प्रमाणपत्र मागू नका.

२ मेपासून उन्हाळी सुट्टी लागेल. त्या दिवसापासून सहा आठवडे मी रोज दोन पोळ्या खाणार आहे. शाळेच्या दिवसांत ते शक्य नाही, कारण सकाळी उठून वर्गावर उभे राहता येणार नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी रक्त द्यायला येईन. तोपर्यंत ही चाचणी सरकारी रुग्णालयात सुरू झालेली असेल की नाही, एवढे मला पहिली पोळी लाटण्यापूर्वी लेखी कळवावे, ही विनंती.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका