जॉबर मामांना, राहून गेलेलं आभाराचं पान

आदरणीय मामा,

साष्टांग नमस्कार.

माझ्या एमबीएच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आभाराचं एक पान आहे. त्यावर विभागप्रमुख आहेत, गाइड मॅडम आहेत, शेडचे मालक आहेत, आई-बाबा आहेत. तुम्ही नाही. नावापुढे पद आणि संस्था लिहायची पद्धत होती आणि तुमच्या नावापुढे काय लिहावं ते मला सुचेना. ‘जॉबर’ एवढंच लिहायला तेव्हा धीर झाला नाही. रिपोर्ट बांधून आला, तोंडी परीक्षा झाली, नोकरी लागली, आणि ते पान तसंच राहिलं.

ते आज लिहिते. चारचौघांत लिहिते, कारण वगळलं तेही चारचौघांतच होतं. नाव मात्र इथंही घालत नाही. परवा फोनवर तुम्हीच म्हणालात, “नाव बिव नगं, जॉबर मामा म्हटलं की गल्लीला कळतंय.”

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी इचलकरंजीची. आई वीस वर्षं कांड्या भरायची, म्हणजे मागाला लागणारं आडवं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायची, बाबा साध्या मागावर कामगार. आमच्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे सगळं गावच मागांच्या खटखटाटावर उठू-झोपू लागलं. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, त्याचं टायमिंग लावणारा माणूस. मामा आमच्या भागातल्या चार-पाच शेडचे माग बघायचे. शिवाजी विद्यापीठात एमबीएला मी प्रॉडक्शन आणि ऑपरेशन्स हा विषय घेतला, तेव्हा घरात कुणालाच तो काय असतो हे नीट सांगता आलं नव्हतं. मलाही नव्हतं.

विषय मला आवडायचा, पण तो लांबचा वाटायचा. एकदा किती माल मागवावा याचं फोर्ड हॅरिसनं १९१३ मध्ये मांडलेलं सूत्र मला पाठ होतं. वर्गमुळात दोन गुणिले वार्षिक मागणी गुणिले ऑर्डरचा खर्च, भागिले साठवणुकीचा खर्च. लाइन बॅलन्सिंग, एमआरपी (लागणाऱ्या मालाचं नियोजन), कंट्रोल चार्ट, सगळ्याची उदाहरणं मोटारीच्या कारखान्यातली. मला वाटायचं, खरं ऑपरेशन्स तिकडे चाकणला, जपानला. आपल्याकडे आहेत ते माग.

म्हणून प्रोजेक्टसाठी मी एका मोठ्या कारखान्याच्या मागे लागले. दोन महिने त्यांनी ‘पुढच्या आठवड्यात कळवतो’ म्हणून ताटकळत ठेवलं आणि शेवटी नाही म्हणाले. मुदत तोंडावर आली होती. त्या संध्याकाळी मी दारात बसले होते, तुम्ही सायकल थांबवलीत आणि विचारलंत, “पोरी, तोंड का पाडलंईस?” दुसऱ्या दिवशी तुम्ही मला चोवीस मागांच्या शेडमध्ये घेऊन गेलात आणि मालकांना म्हणालात, “आपल्या कांडीवालीची पोरगी हाय. कायतरी मोजायचं म्हणतीया. मोजू दे.” तुमच्या शब्दावर मालकांनी पुढे काही विचारलं नाही. माझी फाइल, विद्यापीठाचं पत्र, त्यातलं काहीच त्यांनी उघडलं नाही.

मी स्टॉपवॉच घेऊन आले होते. पहिल्या दिवशी तुम्ही ते खिशात ठेवायला सांगितलंत. “आदी पाच मिनिटं नुसतं ऐक.” मला नुसता गोंगाट ऐकू येत होता. तुम्ही डोळे मिटून उभे राहिलात आणि म्हणालात, तिसऱ्या रांगेतला एक माग धोटा (आडवं सूत इकडून तिकडे नेणारा) जोरात मारतोय, आज ना उद्या काहीतरी मोडणार. गेलात आणि पाना लावून तो नीट केलात. मी वहीत काय लिहावं हेच मला कळेना.

मग पहिला आठवडा मी दर तासाच्या ठोक्याला फेरी मारून कुठले माग चालू, कुठले बंद ते लिहिलं. आकडे फार वाईट आले. अर्ध्याच्या जवळपास माग बंद! मी खूश, मोठा प्रश्न सापडला म्हणून. तुम्ही कागद बघितलात आणि विचारलंत, “ठोक्यालाच कशाला बघतीस? आठाला चहा असतोय. अकराला कांड्याच्या पाट्या येत्यात.” माझ्या पुस्तकात हे लिहिलेलं होतं, की निरीक्षणाच्या वेळा यादृच्छिक हव्यात, नाहीतर कामाची स्वतःची लय आकड्यांत शिरते. मी ते परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण ते खरं का आहे, हे मला तुमच्या त्या चहावरून समजलं. आठवड्याचे सगळे कागद मी बाजूला ठेवले आणि नव्यानं सुरुवात केली. रोज एक फेरी, चिठ्ठी टाकून काढलेल्या वेळेला. वीस दिवस.

त्याच दिवसांतली एक गोष्ट तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. तुम्ही शेडच्या दारात उभे होता, आत पाऊलही टाकलं नव्हतं. म्हणालात, “आज सूत खराब हाय.” मी विचारलं, कसं कळलं? तुम्ही हात केलात. “माणसं बघ. समदी वाकल्यात.” तार तुटली की ती जोडायला कामगाराला मागावर वाकावं लागतं. पाठी वाकलेल्या दिसल्या म्हणजे तारा तुटतायत, म्हणजे सूत किंवा सायझिंग (उभ्या सुताला खळ लावणं) बिघडलंय. एका नजरेचं काम.

पंधरा दिवसांनी मी खर्डेकर ग्रंथालयात कार्य-मापनावरचं एक जुनं पुस्तक चाळत होते. त्यात एल. एच. सी. टिपेट यांची हकिकत होती. ब्रिटनमधल्या सुती उद्योगाच्या संशोधन संस्थेतले हे संख्याशास्त्रज्ञ. माग का थांबतात हे बघायला ते विणकामाच्या शेडमध्ये स्टॉपवॉच घेऊन बसायचे. तिथला मॅनेजर त्यांना एकदा म्हणाला, की मला नुसतं बघून कळतं, बहुतेक विणकर वाकलेले असले की समजायचं विणकाम बिघडलंय. टिपेटना तिथं सुचलं, की प्रत्येक मागाशी घड्याळ लावून बसायचं कारण नाही. अधूनमधून एक नजर टाकायची, कोण चालू कोण बंद मोजायचं, आणि अशा पुरेशा नजरा गोळा केल्या की टक्केवारी कळते. १९३५ मध्ये त्यांनी ती पद्धत छापली. आज जगभरच्या विद्यापीठांत ‘वर्क सॅम्पलिंग’ म्हणून शिकवतात ती हीच. मी तुमच्या शेडमध्ये करत होते तीही हीच.

मामा, मी तिथं पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. खिडकीबाहेर आवारातले मोर ओरडत होते. जी गोष्ट मी परदेशातून आलेली म्हणून पाठ करत होते ती मागाच्या शेडमध्ये जन्मली होती. आमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. टिपेट यांची संस्था मँचेस्टरचीच.

त्यानंतर मी शोधतच गेले. जपानच्या साकिची टोयोडांनी १९२४ मध्ये तयार केलेला स्वयंचलित माग तार तुटली की आपोआप थांबायचा, त्यामुळे एका माणसाला पुष्कळ माग बघता यायचे. १९२९ मध्ये त्याचे हक्क ब्रिटनच्या प्लॅट ब्रदर्सनी विकत घेतले. ज्यांना आम्ही टोयोटाच्या उत्पादन पद्धतीचे जनक म्हणून शिकतो ते ताइइची ओहनो १९३२ मध्ये टोयोडांच्या सूतगिरणी-विणकामाच्या कंपनीत लागले आणि ११ वर्षांनी मोटारीकडे गेले. एका माणसानं अनेक यंत्रं बघायची ही कल्पना त्यांनी कापडाच्या कारखान्यातून मोटारीच्या मशीन शॉपमध्ये नेली. मी हे तुम्हाला सांगायला धावत आले होते. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, “बरं झालं. त्यास्नी पण तार तुटत हुती म्हणायची.”

आता त्या तक्त्याबद्दल, कारण माझ्या रिपोर्टचा जीव तोच आहे. मी रकाने आखले होते: माग चालू, तार तुटली, कांडी संपली, बीम (उभं सूत गुंडाळलेला रूळ) नाही, बिघाड, आणि शेवटी ‘कामगार निष्क्रिय’. तो शेवटचा शब्द मी पुस्तकातून उचलला होता. तुम्ही त्यावर बोट ठेवलंत. “हे काय?” मी सांगितलं, माग बंद आहे आणि कामगार तिथं नाही. तुम्ही रागावला नाहीत, पण आवाज बदलला. “त्याला पीकवर (कापडात पडणाऱ्या आडव्या तारांच्या मोजणीवर) मजुरी मिळती. माग थांबला की त्याचीच मजुरी जाती. तो कशाला बसंल? दुसऱ्या मागावर तार जोडत असतोय तो.” आणि पेन्सिलीनं तो शब्द खोडून तुम्ही वर लिहिलंत, ‘वाट’.

माझ्या आईला कांड्यांच्या संख्येवर पैसे मिळायचे. हे मला तुमच्याआधी कळायला हवं होतं.

त्या एका शब्दानं माझा विषयच बदलला. ज्याला मी आळस समजत होते त्याला आमच्या शास्त्रात यंत्रांचा परस्पर अडथळा म्हणतात. एका कामगाराकडे सहा माग आहेत आणि प्रत्येक माग आपापल्या कारणानं दहा टक्के वेळ थांबतो असं धरलं, तर एकाच वेळी दोन किंवा जास्त माग थांबलेले असण्याची शक्यता साधारण ११ टक्के येते. माग आठ केले की तीच १९ टक्क्यांच्या आसपास जाते. माणूस तोच, तेवढाच कष्टाळू. दोन माग वाढवले आणि वाट बघणं जवळजवळ दीड-पावणेदोन पट झालं. ‘कामगाराला आणखी माग द्या’ असं सहज सुचवणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा, असं मला अजूनही तीव्रपणे वाटतं.

आपल्या वीस फेऱ्यांत ४८० नोंदी झाल्या. १४४ वेळा माग बंद सापडला, म्हणजे ३० टक्के. तार तुटल्यामुळे ३८, वाट २२, कांडी १७, बिघाड ७. आणि बीम नाही म्हणून ६०. सगळ्यांत मोठा आकडा तो होता, आणि त्यात शेडमधल्या कुणाचाच हात नव्हता. चोवीसपैकी सरासरी तीन माग रोज रिकाम्या बीमवर उभे. महिन्याच्या २६ दिवसांत ३९ बीम बदलले, म्हणजे दिवसाला दीड. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: थांबलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ. तीन भागिले दीड, दोन. प्रत्येक माग नव्या बीमसाठी दोन दिवस थांबत होता. मी हे फळ्यावर मांडल्यासारखं तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, “दोन दिवस बरोबर हाय. सायझिंगवाला सगळे बीम एकदम पाठवतोय, मग वहिफणीवाल्यांची पाळी लागती.” वहिफणीवाले म्हणजे नव्या बीमच्या तारा मागात ओवून देणारे. प्रश्न कुठे आहे हे तुम्हाला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. माझ्याकडे फक्त आकडा होता. पण मालकांसमोर तो आकडा ठेवला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा ऐकलं, हेही तुम्हीच माझ्या आईला येऊन सांगितलंत. तिला त्या दिवशी काय वाटलं ते तिनं मला फार उशिरा सांगितलं.

उपाय तुमचाच होता. बीम संपायच्या तीन दिवस आधी मागावर खडूची खूण, रोज संध्याकाळी खुणा मोजून सायझिंगला आणि वहिफणीवाल्यांना फोन. पुढच्या महिन्यात उभे राहणारे माग तीनवरून दीडच्या आसपास आले. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, ही कल्पना कुठल्या मॉडेलवरून घेतली? मी म्हणाले, शेडमध्ये सुचली. ‘कुणाला’ हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या उत्तराची मला आजवर टोचणी आहे.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे आहेत. रात्रपाळीच्या फेऱ्यांना तुम्ही स्वतः यायचा, तुमची पाळी नसतानाही. दारात स्टुलावर बसून राहायचा आणि माझी फेरी संपली की घरापर्यंत सायकल हातात धरून चालत यायचा. कधी बोलून दाखवलं नाहीत. त्या वीस फेऱ्यांतल्या सात रात्रीच्या आहेत. त्या तुमच्याशिवाय झाल्याच नसत्या आणि दिवसाचेच आकडे घेऊन मी अर्धवट गोष्ट लिहिली असती.

आता मी पुण्याजवळ एका कारखान्यात उत्पादन नियोजनात आहे. नवीन लाइनवर पहिला दिवस असला की पाच मिनिटं काही न लिहिता उभी राहते. माझ्या निरीक्षणाच्या तक्त्यात सगळे रकाने इंग्रजीत आहेत, एक सोडून. तो ‘वाट’ असाच मराठीत आहे. हाताखालची मुलं विचारतात तेव्हा मी तुमच्याबद्दल सांगते, जॉबर हा शब्द मोठ्यानं उच्चारून.

दिवाळीला येतेय. रिपोर्टची एक प्रत नव्यानं बांधून घेतली आहे, आभाराचं पान बदलून. आईकडे पाठवलीय, ती तुमच्याकडे घेऊन येईल. नातीकडून वाचून घ्या, पण ४१ व्या पानावरचा तक्ता चष्मा लावून स्वतः बघा. सायझिंगच्या भागात मी एक-दोन गोष्टी अंदाजानं लिहिल्यात असं मला अजून वाटतं. चुकलं असेल तिथं पेन्सिलीनं खूण करून ठेवा.

तुमची,
कांडीवालीची पोरगी