नामांतराचे जलसे वर्गात पोहोचावेत

महोदय,

१ फेब्रुवारी १९६० रोजी अमेरिकेतील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात शांतपणे बसून राहिले, हे आम्ही शिक्षक आवर्जून शिकवतो. मात्र मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याच्या २७ जुलै १९७८ च्या विधिमंडळ ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ या नामविस्तारापर्यंत मराठवाड्यातील तरुणांनी मोर्चे, सत्याग्रह आणि शाहिरांचे जलसे (गाण्यांतून जागृती करणारे कार्यक्रम) यांच्या बळावर जातिभेदाविरुद्ध दिलेला लढा वर्गात क्वचितच ऐकू येतो. (त्या काळात जाळल्या गेलेल्या दलित वस्त्यांविषयी तर फारच थोडे बोलले जाते.) वृत्तपत्रे वरच्या जातींच्या हाती होती, म्हणूनच बाबासाहेबांना १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढावे लागले, आणि जिथे छापील शब्द पोहोचत नसे तिथे शाहिराचा डफच बातमी सांगे. त्या शाहिरांच्या आठवणी आपण नामविस्तारदिनी सविस्तर छापाव्यात, ही विनंती.

— एक शिक्षक, नांदेड